छोट्या मंडळीचं चर्च : गाणं, कार्यक्रम आणि शेजारपाजार, प्रत्यक्षात कसं जमवायचं?

चौथी ओळ
तीस ते साठ माणसांच्या मंडळीसाठी हा धागा काढते आहे. पूर्णवेळ वाजवणारं कुणी नाही, गायकवृंदात सहा-आठ जण, उपासनेची जागा हेच सभागृह आणि हाताशी पैसे थोडे, असं गृहीत धरू. एवढ्या बळावर नाताळची गीतसंध्या, सगळ्यांना खुली मासिक गाणं-बैठक आणि शेजारातल्या आजारी, एकट्या माणसांच्या भेटी नीट चालू शकतात. पण मोठ्या चर्चचा आराखडा छोटा करून वापरला की तो मोडतो. तिथे पन्नास जण करतात आणि पाचशे ऐकतात. इथे चाळीसांतले पंधरा कामाला लागले की समोर उरतात पंचवीस. म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की छोट्या चर्चचा कार्यक्रम ऐकवण्यासाठी नको, सगळ्यांनी मिळून म्हणण्यासाठी आखावा. पट्टी, खुर्च्या, माइक, छापील पानं हे सगळं त्यावरून ठरतं.
जाणकारांनी आपापल्या कामाचं बारीकसारीक लिहावं. अनुभवकथन नको, कृती, आकडे आणि कुठे बिघडतं ते हवं.

पांढरी चार
सुरुवात पट्टीपासून करतो, म्हणजे गाण्याचा सा कुठल्या स्वरावर धरायचा तिथून, कारण सर्वांत जास्त गाणी तिथेच पडतात. लोक गात नाहीत तेव्हा दोष श्रद्धेचा किंवा लाजेचा धरला जातो. बहुतेक वेळा गाणं फक्त उंच असतं.

शिकलेला आवाज आणि मंडळीचा आवाज यांचा पल्ला वेगळा. पेटीच्या पट्ट्या सप्तकात डावीकडून मोजायच्या, पांढरी एक म्हणजे सी, पांढरी सहा म्हणजे ए, काळी पाच म्हणजे बी-फ्लॅट. स्त्री-पुरुष मिश्र मंडळीला आरामात जमणारा पल्ला खालच्या पांढरी सहापासून वरच्या पांढरी दोनपर्यंत (पुरुष एक सप्तक खाली). वरची पांढरी तीन एखाद्या ठिकाणी येऊन गेली तर चालते, तिथे थांबायला लावलं की अर्धी मंडळी तोंड मिटते. सकाळी लवकरच्या उपासनेत आवाज जड असतो, तेव्हा पूर्ण एक स्वर खाली घ्या.

पट्टी शोधायला चाल कुठून कुठे फिरते ते पाहा. चालींचे ढोबळ दोन प्रकार पडतात.
मध्य सा ते तार (वरच्या सप्तकातला) सा अशी फिरणारी चाल काळी पाच, पांढरी एक किंवा फार तर पांढरी दोनमध्ये घ्यावी. काळी तीनमध्ये घेतली तर तार सा थेट छतावर जातो.
मंद्र (खालच्या सप्तकातला) पा ते मध्य पा अशी फिरणारी चाल पांढरी चार किंवा पांढरी पाचमध्ये बसते. हीच चाल कुणी पांढरी एकमध्ये धरली तर मंद्र पा स्त्रियांना लागत नाही, त्या मध्येच वरच्या सप्तकात उडी मारतात आणि गाण्याचे दोन तुकडे होतात.

गिटारवाल्यांची अडचण अशी की काळी पाच म्हटलं की ते हात वर करतात. जी पट्टीतले सोपे आकार ठेवा, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावा, काळी पाच मिळते. पांढरी चार हवी तर डी पट्टीतले आकार आणि कॅपो पुन्हा तिसऱ्यावरच.

कीबोर्डवरचं ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली करणारं) बटण उपयोगी आहे, तितकंच धोक्याचं. एका गाण्यासाठी दोन घरं खाली केलेलं तसंच राहतं, पुढचं गाणं भलत्याच पट्टीत सुरू होतं आणि पेटीवाला मूळ पट्टीत. दोन्ही वाद्यं असतील तर गीतपत्रिकेवर प्रत्येक गाण्यापुढे वाजवण्याची पट्टी आणि ट्रान्सपोजचा आकडा, दोन्ही पेन्सिलीने लिहा. आकडा शून्य असला तरी शून्य लिहा.

आणि पेटीचे स्वर ऐनवेळी हलवता येत नाहीत. पेटी चारशे चाळीसला (ए स्वराच्या ठरलेल्या 440 हर्ट्झला) नसेल, किंचित वर असेल, तर कीबोर्डमधलं मास्टर ट्यूनिंग वर घ्या आणि गिटार पेटीला मिळवा. उलटं करायला जाऊ नये.

संध्याछाया
मुलांच्या गाण्याला हाच पल्ला का?

पांढरी चार
@संध्याछाया, नाही. मुलांचा आवाज खाली नेला की ती बोलल्यासारखी गातात आणि ओरडतात. त्यांना पांढरी दोन ते वरची पांढरी दोन असा एक सप्तकाचा पल्ला द्या. मोठ्यांबरोबर गायचं असेल तर पट्टी मोठ्यांची ठेवा आणि मुलांना फक्त धृपद द्या, कडवी नकोत.

श्वासाची जागा
पट्टीनंतर साथ. मंडळीचं गाणं दर कडव्याला सैल होत जातं, ही तक्रार सगळीकडे असते. लोक आळशी आहेत म्हणून ते होत नाही, त्यामागे साधं गणित आहे.

आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. सभागृह पंधरा मीटर लांब असेल तर पुढच्या वाद्याचा आवाज शेवटच्या रांगेत सुमारे 44 मिलिसेकंदांनी पोचतो. त्यांचं गाणं वाजवणाऱ्याकडे परत यायला आणखी 44. म्हणजे ते बरोबर गात असले तरी वाजवणाऱ्याला 88 मिलिसेकंद मागे ऐकू येतात. मिनिटाला 80 मात्रांच्या लयीत एक मात्रा 750 मिलिसेकंदांची, म्हणजे हा फरक मात्रेच्या नवव्या हिश्शाहून थोडा जास्त. वाजवणारा त्यांच्यासाठी प्रत्येक ओळीला थांबला की लोक आणखी थांबतात. त्यामुळे वाजवणाऱ्याने मागच्या रांगा ऐकून लय धरायची नाही. पायाने मात्रा धरायची आणि पहिल्या दोन रांगांच्या ओठांकडे पाहायचं.

कडव्यांमधली जागा ठरलेली हवी. शेवटचा स्वर पूर्ण मात्रांचा, मग दोन मात्रा श्वास, मग पुढचं कडवं. प्रत्येक वेळी तेवढाच. एका ठिकाणी दोन, दुसऱ्या ठिकाणी चार झालं की कुणीतरी एकटं लवकर सुरू करतं, आणि त्या माणसाचा आवाज पुढची दोन गाणी बाहेर येत नाही.

सुरुवातीचा तुकडा ओळखीच्या गाण्याला शेवटच्या ओळीएवढा पुरतो. नव्या चालीला मात्र पूर्ण चाल एकदा वाजवावी. सुरुवात सजवू नये. लोक त्यातून पहिला स्वर आणि लय शोधत असतात, ताना घेतल्या की दोन्ही हरवतात.

नवीन गाणं बसवायला चार आठवडे धरा. पहिल्या रविवारी अर्पण गोळा होताना नुसती चाल. दुसऱ्या रविवारी पहिलं कडवं वृंदाने, पुढची सगळ्यांनी. तिसऱ्या रविवारी सगळ्यांनी पहिल्यापासून. चौथा रविवार मोकळा, पाचव्याला पुन्हा. महिन्याला एकापेक्षा जास्त नवीन गाणं छोट्या मंडळीला झेपत नाही.

चाली बदलण्याबद्दलही लिहितो. बऱ्याच गीतपुस्तकांत गाण्यावर 8.6.8.6 किंवा 8.7.8.7 असे आकडे असतात, ते प्रत्येक ओळीतल्या अक्षरांची संख्या सांगतात. आकडा जुळला की एका गाण्याचे शब्द दुसऱ्या चालीवर बसतात, पण हे निम्मंच खरं. 8.6.8.6 च्या चालींत बहुधा पहिलं अक्षर मात्रेच्या आधी येतं आणि जोर दुसऱ्यावर पडतो, 8.7.8.7 मध्ये बहुधा पहिल्यावरच. शिवाय मराठीत लघु-गुरू सांभाळावं लागतं. लांब स्वरावर ऱ्हस्व अक्षर ताणलं गेलं की शब्द ओळखू येत नाही. शब्द चालीवर एकदा मोठ्याने वाचून पाहा, जिथे जीभ अडते तिथे मंडळीही अडणार. अभंगाचं बरं असतं, मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, शेवटच्या चारांनंतर श्वासाला जागा आपोआप मिळते.

चौथी ओळ
हे 88 मिलिसेकंदांचं गणित पहिल्यांदाच इतकं स्वच्छ कळलं. वृंदाबद्दल कुणी लिहील का? सहा जणांत चार भाग करण्याचा हट्ट फार दिसतो.

मधला पडदा
सहा जणांत चार भाग करू नयेत. एका भागाला दीड माणूस येतो आणि एक जण आजारी पडला की तो भागच नाही. सहा ते दहा जणांसाठी चार गोष्टी छान वाजतात. सगळ्यांचा एकच सूर, पण एकाच वेळी श्वास घेऊन. आळीपाळीने ओळी, स्त्रिया एक, पुरुष एक. दोन गटांत चक्री, म्हणजे दुसरा गट एक ओळ उशिरा तीच चाल सुरू करतो. आणि मंडळी मुख्य चाल गात असताना शेवटच्या एकाच कडव्यावर दोन स्त्रियांचा वरचा सूर. वरचा सूर प्रत्येक कडव्याला लावला की त्याचं तेज जातं आणि मंडळी गायची थांबून ऐकू लागते.

सराव 75 मिनिटांचा. पहिली दहा मिनिटं श्वास आणि आवाज मोकळा करणं, त्यातली पाच नुसत्या "म"कारावर. अवघड गाणं पंधराव्या मिनिटाला हातात घ्या, तेव्हा लक्ष ताजं असतं. ते शेवटी ठेवलं की अर्धवट राहतं आणि लोक तेच डोक्यात घेऊन घरी जातात. शेवट रविवारच्या ओळखीच्या गाण्याने. सूर उतरत असेल तर आधी खुर्च्यांतून उठवा. बसून पोटावर दाब येतो, श्वास वर अडतो आणि लांब ओळींच्या शेवटी सूर खाली घसरतो. दुसरं कारण फार जोरात गाणं. आवाज एक पायरी कमी केला की शेजाऱ्याचा सूर ऐकू येतो आणि तो आपोआप सावरतो.

ज्यांना स्वरलिपी वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्यांच्या भागाचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण फोनवर पाठवा. फक्त त्यांचा भाग, मागे पेटीचा सा. सगळे भाग एकत्र असलेलं मुद्रण सरावाला निरुपयोगी.

केबल गुंडाळा
माइकबद्दल. छोट्या सभागृहात आवाज वाढवण्याची गरज कमी असते, स्पष्ट करण्याची जास्त. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकाच वेळी उघडे माइक दुप्पट केले की शिट्टी (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून होणारी) यायच्या आधी आवाज वाढवायला मिळणारी जागा 3 डेसिबलने घटते. एकाचे चार केले तर 6 डेसिबल गेले. म्हणून वाचनाचा माइक वाचनापुरता, पाळकांचा प्रवचनापुरता, उरलेले बंद. मिक्सरपाशी बसणाऱ्याचं मुख्य काम हेच, बटणं फिरवणं नव्हे.
याउलट बोलणारा तीस सेंटिमीटरवरून पंधरावर आला की 6 डेसिबल फुकट मिळतात. वाचकांना एवढं एक शिकवलं तरी निम्म्या तक्रारी संपतील: माइक तोंडाच्या समोर नको, हनुवटीच्या किंचित खाली, वीतभर अंतरावर, आणि मान कागदात घालायची नाही. कागद वर धरा.

स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला, डोक्यांच्या वर आणि थोडे खाली झुकलेले. वक्त्याच्या मागे ठेवले की शिट्टी ठरलेली. भिंती कडक आणि छत उंच असेल तर आवाज वाढवून शब्द कळत नाहीत, घुमणंही तेवढंच वाढतं. तिथे मागच्या भागासाठी दोन छोटे स्पीकर जवळ लावा. मुख्य स्पीकरपासून ते बारा मीटर मागे असतील तर त्यांना 35 मिलिसेकंदांचा उशीर द्या, नाहीतर मागच्यांना एकच शब्द दोनदा ऐकू येतो.

मिक्सरवर बोलण्याच्या माइकला 100 हर्ट्झच्या खालचं कापा. माइक हलवल्याचा धपधपाट आणि "प", "फ" चे फटके जातात. कंडेन्सर माइकला 48 व्होल्टची फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकच्या वायरमधूनच मिळणारी वीज) लागते, साध्या डायनॅमिकला नाही. तो वाजत नसेल तर दोष वायरमध्ये शोधा.

कीबोर्डची साधी जॅक वायर सहा मीटरच्या पुढे नेऊ नका, गुरगुर येते. लांब न्यायची तर कीबोर्डपाशी डीआय बॉक्स (कीबोर्डचा आवाज माइकच्या वायरला जोडणारी डबी) आणि तिथून एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची वायर. गुरगुर थांबवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारे लोक आहेत. ते कधीही करू नये, माइक ओठाला लागतो आणि शॉक जिवावर बेततो. डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्ट त्यासाठीच असतो, तो फक्त आवाजाच्या वायरमधलं ग्राउंड तोडतो, विजेचं अर्थिंग शाबूत राहतं.

मधला पडदा
@केबल गुंडाळा, वृंदाला माइक देऊच नयेत असं मला वाटतं. दहा मीटरच्या सभागृहात आठ जण पुरेसे ऐकू येतात, आणि माइक दिला की मंडळी त्यांच्या आवाजाला टेकते.

केबल गुंडाळा
@मधला पडदा, मंडळीच्या गाण्यांना नकोच, सहमत. पण थेट प्रक्षेपण असेल तर घरी बसलेल्यांना फक्त कीबोर्ड ऐकू येतो. त्यासाठी वृंदासमोर एक माइक ठेवा, तो प्रक्षेपणाला द्या आणि सभागृहातल्या स्पीकरला अजिबात देऊ नका. एक माइक श्रोत्यांकडे तोंड करून, तोही फक्त प्रक्षेपणाला. आजारी माणसाला घरी मंडळीचं गाणं ऐकू आलं पाहिजे, एकट्या गायकाचं नव्हे.
ऐकण्याच्या यंत्राबद्दलही विचारून घ्या. टी-कॉइल (चुंबकीय लहरींतून आवाज घेणारी गुंडाळी) असलेली यंत्रं वापरणारे दोन-तीन जण असतील तर इंडक्शन लूपचा, म्हणजे माइकचा आवाज थेट त्या यंत्रांना पोचवणाऱ्या वायरच्या वेढ्याचा, खर्च सार्थकी लागतो. मागे बसून मान हलवणारी पुष्कळ माणसं शब्द ऐकत नसतात.

नऊ वाचनं
नाताळच्या गीतसंध्येचा साचा देते. बायबलचं वाचन आणि गीत एकाआड एक, हा प्रकार 1880 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रुरो इथे सुरू झाला. तिथलं कॅथीड्रल तेव्हा बांधलं जात होतं आणि ही उपासना तात्पुरत्या लाकडी इमारतीत झाली. 1918 मध्ये केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ती घेतली आणि जगभर पोचली ती तिथून. म्हणजे या साच्याला भव्य इमारत मुळातच लागत नाही. ट्रुरोत वाचनांची सुरुवात वृंदातल्या मुलापासून होऊन शेवट बिशपांवर होत असे. छोट्या मंडळीला हा क्रम फार शोभतो: पहिलं वाचन सर्वांत लहान वाचू शकणाऱ्याचं, शेवटचं पाळकांचं किंवा सर्वांत ज्येष्ठ सभासदाचं, मधलं एखादं शेजाऱ्याचं.

नऊ वाचनं ठेवली की दीड तास होतो. सहा ठेवा. हिशेब असा: सहा वाचनं प्रत्येकी दोन मिनिटं, बारा. सगळ्यांची सात गीतं साडेतीन मिनिटं धरून साधारण पंचवीस. वृंदाची दोन, सहा. मुलांचं एक, चार. स्वागत, प्रार्थना, आशीर्वाद सहा. उठणं-बसणं आणि जागा बदलणं, सात. झाली साठ. हा शेवटचा सात मिनिटांचा हिशेब कुणी धरत नाही आणि कार्यक्रम तेवढाच लांबतो. वाचक आधीच्या गीताच्या शेवटच्या कडव्याला उठून माइकपाशी उभा राहिला पाहिजे.

गीतपत्रिका ए-फोर दुमडून ए-फाइव्ह, पानं चारच्या पटीत. अक्षर 14 पॉइंटांहून लहान नको. पाच प्रती ए-फोरवर 18 पॉइंटात वेगळ्या काढा आणि दारातच विचारून द्या, नाहीतर त्या टेबलावरच राहतात. गीत पान उलटताना तुटू देऊ नका, तुटत असेल तर कडव्याच्या शेवटी तुटावं. समासात "सर्व", "वृंद", "स्त्रिया", "पुरुष" आणि "उभे राहून" एवढं लिहिलं की निवेदकाला प्रत्येक गाण्याआधी बोलावं लागत नाही. पाहुण्याला सर्वांत अवघडल्यासारखं होतं ते कधी उठायचं आणि कधी बसायचं हे न कळल्यामुळे. कागद 100 जीएसएमचा (जाडीचं माप, चौरस मीटरला ग्रॅम) घ्या, 80 चा दोन्ही बाजूंनी छापला की मागचं दिसतं.

मेणबत्त्या फक्त शेवटच्या गीताला. पेटलेली मेणबत्ती सरळ उभी राहते, न पेटलेली तिच्याकडे झुकते. उलट झालं की वितळलेलं मेण हातावर. हे वाक्य पत्रिकेत छापा आणि एकदा करून दाखवा. कागदी चकती किमान आठ सेंटिमीटर व्यासाची, पंखे बंद, कारण वाऱ्याने मेण एका बाजूने ओघळतं. बारा वर्षांखालच्यांना बॅटरीची मेणबत्ती. दोन बादल्या पाणी, एक पुढे एक मागे, आणि त्यांच्यापाशी नाव ठरवलेलं माणूस. पुढच्या माणसाचे मोकळे केस हा खरा धोका असतो, त्यामुळे मेणबत्त्या पेटवण्याआधी मधली एक रांग सोडून उभं राहायला सांगा. शेवटी विझवायची कशी हेही सांगा: तळहात मागे धरून हलकी फुंकर, नाहीतर मेण समोरच्याच्या पाठीवर उडतं.

श्वासाची जागा
पत्रिकेऐवजी पडदा का नको? छपाई वाचते, माना वर राहतात, आवाज पुढे जातो.

नऊ वाचनं
@श्वासाची जागा, दर रविवारी पडदा बरा आहे, चार ते सहा ओळींपुढे एका चित्रात नको, आणि पुढचं चित्र ओळ संपताना नाही, शेवटच्या शब्दाच्या आधी आलं पाहिजे. गीतसंध्येला मात्र पत्रिका. पाहुण्याला पुढे काय आणि किती उरलंय ते दिसतं, आणि पत्रिका घरी जाते. मागच्या पानावर चर्चचा फोन आणि पुढच्या गाणं-बैठकीची तारीख छापता येते.

किटलीपाशी
गाण्यानंतर चहा-कॉफी असतेच, त्यातला विजेचा भाग सांगते. वीस लिटरचा इलेक्ट्रिक बॉयलर, 3 किलोवॉटचा असेल तर 20 अंशांचं पाणी 95 ला यायला गणिताने 35 मिनिटं, प्रत्यक्षात चाळीसच्या वर. शेवटचं गीत चालू झाल्यावर लावून उपयोग नाही. तो 230 व्होल्टला 13 अँपिअर ओढतो, म्हणून साउंडच्या सर्किटवर अजिबात नको. आशीर्वादाच्या ऐन क्षणी आवाज जातो तो बहुधा यामुळेच. गुंडाळीची एक्स्टेन्शन वापरायची तर पूर्ण उलगडून, गुंडाळलेली तापते. पाण्याचा हिशेब माणशी 180 मिलिलिटर, त्यात चौथाई माणसं दुसऱ्यांदा घेणार. पन्नास जणांना सव्वा अकरा लिटर, बारा धरा.

जेवण असेल तर तीनच गोष्टी. गरम ते 60 अंशांच्या वर, थंड ते 5 च्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं टाकायचं. उरलेलं लवकर थंड करायला उथळ भांड्यात, पाच सेंटिमीटरपेक्षा जाड थर नको. भाताबाबत लोक निष्काळजी असतात. त्यातल्या जिवाणूंची बीजं शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. आजाऱ्याच्या घरी डबा न्यायचा असेल तर भात त्याच दिवशी केलेला हवा.
आणि प्रत्येक भांड्यापुढे चिठ्ठी: दूध, गहू, शेंगदाणे, सुकामेवा, अंडी, यांपैकी त्यात काय आहे.

दारापाशी
शेजाऱ्यांकडे दोन अंगांनी पाहावं लागतं. एक, आपला आवाज त्यांना सहन करावा लागतो. दोन, त्यांच्यातल्या कुणाला तरी आपली गरज असते. पहिलं नीट केलं नाही तर दुसऱ्यासाठी कुणी दार उघडत नाही.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी भोवतालच्या प्रत्येक दारात हाताने चिठ्ठी. त्यात तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, गाड्या कुठे लागतील, आणि त्या संध्याकाळी हमखास उचलला जाईल असा एक फोन नंबर. नंबर पाळकांचा देऊ नये, ते पुढे उभे असतात. संपण्याची वेळ लिहिली की ती पाळायची. बाहेर कर्णा लावू नये. भक्तीला तो लागत नाही आणि शेजारी वर्षभर विसरत नाहीत. ड्रम असतील तर शेवटच्या अर्ध्या तासात हळू गाणी ठेवा, कारण खालचे सूर भिंतींतून जास्त जातात.

मासिक गाणं-बैठक सगळ्यांना खुली असेल तर निवड तशीच हवी. निम्मी भक्तिगीतं, निम्मी कुणालाही येणारी. आमंत्रणात कोणती गाणी कशी असतील हे स्पष्ट लिहा. गोड बोलून बोलवायचं आणि आल्यावर प्रवचन, हे विश्वासघाताचं आहे. खुर्च्या अर्धगोलात, अपेक्षित माणसांपेक्षा पाच कमी मांडा, बाकीच्या भिंतीला. नंतर खुर्ची आणून देताना आलेल्याशी दोन शब्द होतात, आणि रिकाम्या रांगा दिसत नाहीत. चाकाच्या खुर्चीसाठी रांगेच्या टोकाला जागा ठेवा, सगळ्यात मागे कोपऱ्यात नको.

चौथी ओळ
भेटींबद्दल लिहाल का? सर्वांत जास्त उत्साहाने सुरू होतं आणि सर्वांत लवकर बंद पडतं ते हेच.

दारापाशी
बंद पडतं कारण यादी मोठी असते. दोघांची एक जोडी महिन्यात चार घरं नीट सांभाळते. तीन जोड्या म्हणजे बारा घरं. तेराव्या घराला "हो" म्हणण्याआधी चौथी जोडी तयार करा. एकट्या माणसाला एकदा गाठ पडून नंतर कुणी न फिरकणं हे कधीच न जाण्यापेक्षा जास्त लागतं.

भेट वीस मिनिटांची, जास्तीत जास्त तीस. आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि "नको" म्हणायला सोपं जाईल असं विचारा: "उद्या येऊ की पुढच्या आठवड्यात बरं पडेल?" सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. आत गेल्यावर आधी हात धुणं. पलंगावर बसू नये, आजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला खुर्ची, आणि पाठ खिडकीकडे नको, उजेडामुळे चेहरा दिसत नाही. औषधावर सल्ला देऊ नये. प्रार्थना विचारून, नको म्हटलं तर पुन्हा विचारू नये. मदत कुणालाही, चर्चला येवो न येवो.

निघताना पुढची तारीख सांगा, आणि बाहेर पडल्यावर वहीत चार नोंदी: कधी गेलो, कोण गेलो, काय लागतंय, पुन्हा कधी. आजाराचा तपशील लिहू नये. ती वही कुलपात. आणि लक्षात ठेवा, प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली जाहीर सभेत नाव आणि दुखणं सांगणं ही सर्वांत सामान्य चूक. नाव घ्यायला परवानगी हवी, आणि काय सांगायचं हे त्या माणसाने ठरवायचं.

शोकाच्या घरी पहिल्या आठवड्यात गर्दी असते. तिसऱ्या आठवड्यानंतर कुणी नसतं. म्हणून कॅलेंडरवर त्याच दिवशी तीन तारखा लिहून टाका: एक महिना, तीन महिने, एक वर्ष. तेव्हाच्या भेटीत मृत माणसाचं नाव घ्या. लोक ते टाळतात आणि घरच्यांना तेच ऐकायचं असतं.

वृंदातले तिघे बरोबर नेता आले तर घरी एक गाणं म्हणावं. ओळखीचं, खालच्या पट्टीत, दोनच कडवी, वाद्याशिवाय. स्मृती क्षीण झालेल्या माणसालाही तरुणपणीचं गाणं अनेकदा शब्दांसकट येतं. त्याने सूर धरला की आपण आवाज खाली घ्यायचा आणि त्याची लय धरायची.

वाटपाचे फोटो काढू नयेत. घेणाऱ्याचा चेहरा तर नाहीच.

संध्याछाया
+1. पैशांचं आणि मुलांचंही कुणीतरी लिहा, तिथे चांगल्या मंडळ्या अडकतात.

किटलीपाशी
मदतीच्या पेटीतले पैसे दोघांनी, एका घरातल्या नसलेल्या, त्याच दिवशी मोजून सही करायची. रक्कम अंकात आणि अक्षरात. खर्चाची पावती नसेल तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या.
मुलांबरोबर कधीही एकच मोठं माणूस नको, दोन, तेही एका घरातले नसावेत. दार उघडं किंवा काचेचं. मुलाला न्यायला कोण येणार ते पालकांकडून आधी लिहून घ्या. गाडीतून सोडायचं असेल तरी दोन मोठी माणसं. हा नियम कुणावर संशय म्हणून नसतो, तो सगळ्यांना सारखा लावला की कुणाला टोचत नाही.

मधला पडदा
गाण्यांच्या हक्कांबद्दल एक. शब्द, चाल, स्वरजुळणी आणि भाषांतर, चारही हक्क वेगळे असतात. चाल दोनशे वर्षं जुनी असली तरी भाषांतर परवाचं असू शकतं. कवीच्या मृत्यूनंतर किती वर्षं हक्क राहतो ते देशागणिक वेगळं, बहुतेक ठिकाणी 50, 60 किंवा 70. उपासनेत गाणं, पत्रिकेत शब्द छापणं आणि प्रक्षेपण यांना नियम एकच असेल असं धरू नका. शब्दांखाली कवी, संगीतकार आणि भाषांतरकार यांची नावं एका ओळीत छापायची सवय लावा. हक्क कुणाचे ते शोधायला तीच ओळ लागते.

चौथी ओळ
सगळं वाचून वर्षाचा हिशेब मांडते. गाणं-बैठक महिन्यातून एकदा, पण तीन महिने विश्रांती, म्हणजे नऊ. गीतसंध्या एक. भेटी बाराही महिने. याहून जास्त कार्यक्रम चाळीस माणसांना पेलणार नाहीत. नाताळच्या गीतांचा सराव किती आधी सुरू करावा?

मधला पडदा
@चौथी ओळ, दहा आठवडे. पहिले चार फक्त वृंदाची दोन गाणी, पुढचे चार मंडळीच्या सात गीतांच्या सुरुवाती आणि पट्ट्या, नववा आठवडा वाचकांसह पूर्ण क्रम घड्याळ लावून. दहावा रिकामा ठेवा, त्या आठवड्यात कुणाचा तरी घसा बसलेला असतो.

केबल गुंडाळा
आणि नवव्या आठवड्याच्या सरावाला बॉयलर चालू ठेवा. सर्किट उडायचं असेल तर तेव्हाच कळेल.